विद्यार्थ्यापुरतं उघडं दार

अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाची मुलाखत फार वेळ चालत नाही. काचेपलीकडचा अधिकारी दोन-तीन मिनिटांत चार प्रश्न विचारतो. कुठलं विद्यापीठ, काय शिकणार, पैसे कोण भरणार, आणि शिक्षण संपल्यावर काय? पहिल्या तिन्हींची उत्तरं ज्याची त्याची वेगळी असतात. चौथ्याचं उत्तर मात्र सगळ्यांचं एकच असतं: परत येणार. जीआरईच्या क्लासपासून वरच्या मजल्यावरच्या दादापर्यंत सगळे तेच पढवतात.

गंमत म्हणजे हाच प्रश्न आपली माणसंही विचारतात. फोनवर आई विचारते, लग्नात मामा विचारतात. अधिकाऱ्याला ‘परत येणार’ हे ऐकायचं असतं, कारण नाही म्हटलं तर व्हिसा मिळत नाही. घरच्यांनाही तेच ऐकायचं असतं. आणि पाच-सात वर्षांनी कुणी परत आलं नाही, की मग तो पैशाला भुलला, देशाला विसरला, असं ठरवून आपण मोकळे होतो. जे पूर्वी परत आले ते देशभक्त, आणि जे राहिले ते स्वार्थी.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, इतिहासाची अभ्यासक नाही. पण गेली काही वर्षं अमेरिकेत इमिग्रेशनचे फॉर्म भरता भरता त्या फॉर्मवरची कलमं कुठून आली, हे शोधायची सवय लागली. त्यातून एक गोष्ट दिसली. कोण परत आलं आणि कोण राहिलं, याचा हिशोब मांडताना आपण माणसाच्या मनाकडे बघतो. दाराकडे बघत नाही. आणि ते दार गेली सुमारे एकशे चाळीस वर्षं कधी किलकिलं, कधी सताड, कधी फक्त एका प्रकारच्या माणसापुरतं उघडं राहिलेलं आहे.

१८८२: एकाच वर्षातल्या दोन गोष्टी

मे १८८२ मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना देशात यायला बंदी घालणारा कायदा केला. कॅलिफोर्नियात रेल्वेचे रूळ टाकायला, खाणीत उतरायला चिनी मजूर हवे होते. कामं झाली, मंदी आली, आणि तेच मजूर नकोसे झाले. पण बंदी मजुरांवर होती. व्यापारी, शिक्षक आणि विद्यार्थी यांना ती लागू नव्हती. ‘अंगमेहनतीचा माणूस नको, शिकायला येणारा चालेल’ ही चाळणी तेव्हाच बसवली गेली.

त्याच १८८२ साली पुण्याचे केशव मल्हार भट बॉस्टनला एमआयटीत दाखल झाले. तिथे शिकायला गेलेले ते पहिले भारतीय. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टरकी शिकायला निघाल्या, त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. आनंदीबाई आपल्याला शाळेपासून माहीत असतात. भटांचं नाव मी अमेरिकेत येईपर्यंत ऐकलं नव्हतं.

इंग्रजांचं राज्य असताना माणूस इंग्लंडऐवजी अमेरिकेला का गेला? पुण्यात इंजिनियरिंगचं शिक्षण १८५४ पासून होतं. आजच्या सीओईपीचं मूळ तेच. पण ती शाळा सुरू झाली ती सरकारी बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवी होती म्हणून. साहेब रस्ता आखणार, आपण मोजमाप घेणार. यंत्र बनवणं, काच बनवणं, कारखाना उभा करणं, हे शिकवायची सरकारला गरज वाटत नव्हती. एमआयटी नेमकं ते शिकवत होती, तेही प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने करायला लावून. पुण्याच्या ‘मराठा’ या इंग्रजी साप्ताहिकाने १८८४ मध्ये या संस्थेची ओळख वाचकांना करून दिली होती. म्हणजे ‘आपल्याकडे असं काहीतरी हवं’ ही चर्चा पुण्यात आयआयटीच्या साठ-सत्तर वर्षं आधी सुरू झाली होती.

त्या चर्चेला फळही आलं. अंताजी दामोदर काळे यांनी घरटी एकेक पैसा गोळा करून ‘पैसा फंड’ उभा केला, आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. तो चालवायला आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे जपान आणि एमआयटी असे दोन्हीकडे शिकून आले होते. तंत्रशिक्षणासाठी परदेशी गेलेला मुलगा परत येतो, कारखाना काढतो आणि चार मुलांना शिकवतो, हे चित्र आपल्या मनात पक्कं झालं ते या काळात.

खानखोजे: विद्यार्थी की मजूर?

वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे माझ्या यादीतलं सगळ्यात आवडतं नाव. जन्म १८८४ चा. विशीत घर सोडलं, जपानमार्गे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचले. ऑरेगॉन ॲग्रिकल्चरल कॉलेजमध्ये आणि मग वॉशिंग्टन स्टेट कॉलेजमध्ये शेतीशास्त्र शिकले. ही दोन्ही ‘लँड ग्रँट’ कॉलेजं. १८६२ च्या कायद्याने केंद्र सरकारने राज्यांना जमिनी दिल्या आणि त्या विकून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढायला सांगितलं. (त्या जमिनी मूळच्या रहिवाशांकडून घेतलेल्या होत्या, हेही सांगायला हवं.) आज आपली हजारो मुलं ज्या सरकारी विद्यापीठांमध्ये एमएस करतात, त्यातली बरीच या लँड ग्रँट घराण्यातली आहेत.

खानखोजे शिकत होते आणि पोटासाठी राबतही होते. त्या किनाऱ्यावर लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांवर पंजाबी कामगार होते. १९०७ च्या सप्टेंबरमध्ये बेलिंगहॅम गावात गोऱ्यांच्या जमावाने या कामगारांना रातोरात हुसकून लावलं होतं. वसाहतीतून आलेला विद्यार्थी आणि वसाहतीतून आलेला मजूर यांना गोरा जमाव वेगळं ओळखत नव्हता. खानखोज्यांनीही स्वतःला वेगळं ठेवलं नाही. कामगारांना संघटित करणाऱ्या गदर चळवळीच्या उभारणीत ते पुढे होते. १९१३ साली त्यांना वॉशिंग्टन स्टेट कॉलेजची मास्टर्स मिळाली, आणि त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोतून ‘गदर’ निघायला लागला.

मग ‘परत येणार का?’ या प्रश्नाचं त्यांचं उत्तर काय होतं? त्यांना परत यायचंच होतं. इंग्रज येऊ देणार नव्हते. पहिल्या महायुद्धात ते इराणात लढले, नंतर युरोपात भटकले आणि १९२४ च्या सुमारास मेक्सिकोला पोचले. तिथे चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवलं, मक्यावर संशोधन केलं. दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने मेक्सिको सिटीतल्या एका सरकारी भिंतीवर त्यांना भाकरी वाटताना रंगवलं आहे. देशात पाऊल ठेवता आलं ते स्वातंत्र्यानंतर. १९६७ मध्ये नागपुरात ते वारले.

खानखोज्यांचं संशोधन मेक्सिकोच्या शेतकऱ्याच्या कामी आलं. विदर्भाच्या शेतकऱ्याला ते मिळालं नाही, म्हणून त्यांना कुणी स्वार्थी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. म्हणायचंही कारण नाही. त्यांच्या बाबतीत दार आपल्याला स्पष्ट दिसतं, कारण ते इंग्रजांनी लावलेलं होतं.

१९१७ आणि १९२३: नकाशावर ओढलेली रेघ

१९१७ मध्ये अमेरिकेने आशियाच्या नकाशावर एक मोठा पट्टा आखला आणि त्या पट्ट्यातल्या माणसांना बंदी घातली. हिंदुस्थान त्या पट्ट्यात होता. पण पुन्हा तीच चाळणी. बंदीतून वगळलेल्यांची यादी कायद्यातच दिली होती: वकील, डॉक्टर, रसायनतज्ज्ञ, शिक्षक, व्यापारी, प्रवासी, विद्यार्थी… आणि ‘सिव्हिल इंजिनियर’. इंजिनियर हा शब्द मी त्या यादीत पहिल्यांदा वाचला तेव्हा थांबले. सिलिकॉन व्हॅली जन्माला यायच्या आधीच आपली जागा ठरलेली होती.

पण येणं वेगळं आणि राहणं वेगळं. १७९० पासूनच्या कायद्याने परदेशी माणसाला नागरिक व्हायचं तर ‘गोरा’ असावं लागे. यादवी युद्धानंतर त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली, पण आशियाई बाहेरच राहिले. हिंदुस्थानी माणूस गोरा की काळा, हा वाद १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. भगतसिंग थिंड हे शिकण्यासाठी अमेरिकेत आलेले शीख गृहस्थ. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांच्या बाजूने मांडलेला युक्तिवाद आज वाचताना कसंनुसं होतं: मी उच्च जातीचा आर्य आहे, आमच्यात जातीबाहेर लग्नं होत नाहीत, म्हणून माझं रक्त शुद्ध, म्हणून मी गोरा. न्यायालय म्हणालं, शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात तुम्ही बसत नाही. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं अशा अनेक हिंदुस्थानींचं नागरिकत्व यानंतर काढून घेण्यात आलं.

याच्या सातच वर्षं आधी, १९१६ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एका विद्यार्थ्याने जातीवर निबंध वाचला होता. जातीतल्या जातीत लग्न हाच जातिसंस्थेचा कणा आहे, असं त्यात मांडलं होतं. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. जी गोष्ट ते समाजाचा रोग म्हणून उलगडून दाखवत होते, तीच दुसरा एक हिंदुस्थानी नागरिकत्वासाठी पुरावा म्हणून पुढे करणार होता. आंबेडकर तंत्रज्ञान शिकायला गेले नव्हते, तरी या हिशोबात त्यांना वगळता येत नाही. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते गेले, परत येऊन संस्थानात दहा वर्षं नोकरी करायची या अटीवर. ते परत आले, बडोद्याला हजर झाले, आणि एवढ्या शिकलेल्या माणसाला त्या शहरात राहायला खोली मिळाली नाही. ‘परत ये’ म्हणणाऱ्याने ‘कुठे?’ याचंही उत्तर द्यायचं असतं.

अमेरिकेत राहिलेल्यांचं काय झालं, त्याचं उदाहरण म्हणजे दलीपसिंग सौंद. १९२० मध्ये बर्कलीला आले, १९२४ मध्ये गणितात पीएचडी झाले. गणिताचा डॉक्टर, पण नागरिक होता येत नाही आणि शोभेलशी नोकरी मिळत नाही. कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल व्हॅलीत त्यांनी शेती केली. तिथेही अडचण, कारण नागरिक होऊ न शकणाऱ्याला जमीन घेता येत नसे. नागरिकत्व मिळायला १९४९ साल उजाडलं. १९५६ मध्ये तेच सौंद अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले. शेवट गोड म्हणून ही गोष्ट सांगतात. मला त्यातली मधली पंचवीस वर्षं दिसतात.

शंतनुराव आणि पोटकलम ‘ई’

मी पलूस तालुक्यातली. माझे आजोबा किर्लोस्करवाडीच्या फाउंड्रीत मोल्डर होते. त्यामुळे शंतनुराव किर्लोस्करांची गोष्ट आमच्या घरात रामायणासारखी ऐकलेली. औंध संस्थानच्या माळावर लक्ष्मणरावांनी १९१० मध्ये कारखाना आणि गाव वसवलं, लोखंडी नांगर आणि उसाचे चरक बनवले. मुलगा शंतनू आणि पुतण्या माधव यांना १९२२ मध्ये एमआयटीत पाठवलं. १९२६ मध्ये शंतनुराव मेकॅनिकल इंजिनियर होऊन परत आले आणि पुढे त्यांनी उद्योग देशभर नेला. आजोबा ही गोष्ट सांगून शेवटी म्हणायचे, “बघ, साहेब परत आला.”

शंतनुराव तिथे शिकत असतानाच, १९२४ मध्ये, अमेरिकेने आणखी एक कायदा केला. जे नागरिक होऊ शकत नाहीत, त्यांना कायमचं राहायला येता येणार नाही. थिंड निकालामुळे हिंदुस्थानी त्यात आपोआप आले. अपवाद कलम ४, पोटकलम ‘ई’ चा: पंधरा वर्षांवरचा खरा विद्यार्थी, केवळ शिक्षणासाठी, सरकारने मान्य केलेल्या संस्थेत. आणि संस्थेवर अट, की असा विद्यार्थी शिकणं सोडेल तेव्हा सरकारला कळवायचं.

ज्यांनी अमेरिकेत शिक्षण घेतलं आहे त्यांना हे वाचून ओळखीचं वाटेल. आज आपलं कॉलेज सेव्हिस नावाच्या यंत्रणेत आपली नोंद ठेवतं, क्रेडिट कमी घेतले तरी इंटरनॅशनल ऑफिसचा मेल येतो. कॉम्प्युटर नवा आहे, व्यवस्था शंभर वर्षांची आहे. शंतनुरावांच्या वर्गातल्या हिंदुस्थानी मुलांनंतर आलेला प्रत्येक विद्यार्थी या पोटकलमाच्या वंशातला.

शंतनुरावांना तिथे राहायचं होतं आणि राहू दिलं नाही, असं मला म्हणायचं नाही. त्यांची वाट बघत अख्खा कारखाना उभा होता. पण त्यांच्या पिढीतल्या ज्यांच्यामागे कारखाना नव्हता, तेही परतले. दार दुसऱ्या बाजूने बंद होतं. त्या पिढीचं परतणं आपण निव्वळ देशप्रेमाच्या खात्यावर जमा केलं आणि पुढच्या पिढ्यांना त्याच मापाने मोजलं.

१९६५: दार कुणी उघडलं?

१९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला आणि वर्षाला कोटा ठरला शंभर माणसांचा. एवढ्या मोठ्या देशाला शंभर. १९५२ च्या कायद्याने आजचा ‘एफ’ व्हिसा जन्माला घातला. परदेशातलं आपलं घर सोडायचा इरादा नसलेला विद्यार्थी, अशी त्याची व्याख्या. त्याच कायद्याचं २१४(बी) कलम सांगतं, की अर्जदार कायमचा राहायलाच आलाय असं गृहीत धरायचं, तसं नाही हे त्याने पटवून द्यायचं. मुलाखतीतला तो चौथा प्रश्न इथून येतो.

या काळातलेही अनेक परतले. फकीरचंद कोहली १९५० मध्ये एमआयटीची मास्टर्स घेऊन वर्षभरात परत आले, टाटांच्या वीज कंपनीत लागले आणि पुढे टीसीएस उभी केली. पुण्यातल्या ज्या आयटी नोकऱ्यांसाठी आमच्या कॉलेजात कॅम्पसच्या दिवशी टाय बांधून रांगा लागायच्या, त्यांची एक मुळी तिथे पोचते.

मग ३ ऑक्टोबर १९६५ ला अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याशी नव्या कायद्यावर सही केली. वंशावर आधारलेले कोटे गेले. पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशाला वर्षाला २० हजारांपर्यंत जागा, त्यात शास्त्रज्ञ आणि व्यावसायिकांना वेगळं प्राधान्य. १९६८ पासून तो पूर्णपणे लागू झाला. इकडे नव्या आयआयटींमधून मुलं बाहेर पडत होती, देशात मंदी होती आणि इंजिनियर बेकार होते. परकीय चलनाची इतकी टंचाई की खिशात आठ डॉलर घेऊन गेल्याच्या कथा त्या पिढीचा प्रत्येक काका सांगतो. १९८० च्या अमेरिकन जनगणनेत भारतीय वंशाचे सुमारे ३ लाख ८७ हजार लोक मोजले गेले. १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांनी मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ काढलं.

या पिढीला आपण ‘ब्रेन ड्रेन’ म्हटलं. त्या आरोपात तथ्य आहे. सरकारी पैशाने, म्हणजे ज्यांची पोरं कधीच आयआयटीत जाणार नव्हती त्यांच्या पैशाने शिकून ही माणसं गेली. पण त्यांचं मन शंतनुरावांच्या पिढीपेक्षा हलकं होतं, याचा पुरावा कुणाकडे आहे? बदलला होता तो कायदा.

आणि तो बदलला कुणामुळे, हे भारतीयांच्या कार्यक्रमांत फारसं ऐकू येत नाही. १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६५ च्या ऑगस्टमधला मतदानाचा कायदा आणि ऑक्टोबरमधला हा इमिग्रेशन कायदा एका साखळीतले आहेत. काळ्या अमेरिकनांनी रस्त्यावर लाठ्या आणि कुत्रे अंगावर घेतले, तेव्हा वंशावरून माणसं चाळण्याची लाज त्या देशाला वाटू लागली. सेल्माच्या पुलावर मार खाणाऱ्यांना भारतातल्या इंजिनियरची कल्पनाही नसेल. थिंडनी गोरेपणाच्या रांगेत शिरून दार उघडायचा प्रयत्न केला होता. उघडलं ते दुसऱ्याच लोकांनी, अगदी उलट बाजूने धक्का देऊन.

१९९० नंतर: रांग

आता माझ्या पिढीचं दार. १९९० च्या कायद्याने एच-१बी व्हिसाला वर्षाला ६५ हजारांची मर्यादा घातली. अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी नंतर २० हजार जादा मिळाले. अर्ज त्याहून खूप जास्त, म्हणून सोडत निघते. शिक्षणानंतर ओपीटीवर एक वर्ष काम करता येतं, आमच्यासारख्या विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना २०१६ पासून आणखी दोन. म्हणजे साधारण तीन सोडती. माझा नंबर तिसऱ्या सोडतीत लागला.

त्याच कायद्याने नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डं ठेवली वर्षाला १ लाख ४० हजार. बायको, नवरा, मुलं त्यातच मोजायची. आणि कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत. गुणाकार करा: ९,८००. देश आइसलँड असो की भारत, मर्यादा तीच. इतरांच्या जागा उरल्या तर भारतीयांना जास्त मिळतात, पण २०२३-२४ या एका शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांवर भारतीय विद्यार्थी होते. चीनला मागे टाकून आपण पहिले आलो म्हणून पेपरांत बातम्या आल्या होत्या. आत यायचं दार इतकं रुंद आणि राहायचं दार इतकं अरुंद असेल, तर मधल्या अंगणात गर्दी होणारच. दर महिन्याला सरकार रांगेतली तारीख जाहीर करतं. भारतीय इंजिनियरांची तारीख दहा वर्षांहून मागे रेंगाळलेली असते.

अंगणात राहणं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची किंवा निघायचं. आई-बाबांसोबत भारतातून आणलेलं मूल रांगेत असतानाच एकवीस वर्षांचं झालं, तर ते रांगेतून बाहेर पडू शकतं. पासपोर्टवरचा शिक्का संपला असेल तर भारतात जाण्याआधी दहा वेळा विचार, कारण परतायला नवी मुलाखत. आजोबा गेले तेव्हा माझा शिक्का संपलेला होता, आणि नवी अपॉइंटमेंट कधी मिळेल याची खात्री नव्हती. मी व्हिडिओ कॉलवर होते. फोन धाकट्या भावाच्या हातात होता आणि तो हलत होता.

म्हणून ‘परत येणार का?’ याचं उत्तर माझ्याकडे हो किंवा नाही असं नाही. मी स्थलांतरित आहे की पाहुणी, हे अजून त्या देशानेच ठरवलेलं नाही. त्याने मला विद्यार्थी म्हणून घेतलं, माझ्याकडून पूर्ण फी घेतली, आता कर घेतो. मी तक्रार करत नाही. पगार चांगला आहे, काम आवडतं, बाबांच्या डोक्यावरचं कर्ज फिटलं. पण माझ्या इथे असण्यात माझी हुशारी किती आणि १९९० च्या एका कलमाची कृपा किती, याबद्दल माझ्या मनात गोंधळ उरलेला नाही.

पलूसच्या पोरींसाठी

हा सगळा इतिहास उगाळायचं कारण आहे. आमच्या भागातल्या मुलं-मुली आता मला मेसेज करतात. त्यातल्या बऱ्याच जणी घरातल्या पहिल्या पदवीधर. भट, किर्लोस्कर यांच्यामागे शिकलेली किंवा पैसेवाली घरं होती. जे. एन. टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती सुरू केली, राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, पण अशा जागा मोजक्या. बाकीच्यांचं शिक्षण घर किंवा शेत गहाण टाकून होतं. कारखान्याच्या मालकाच्या मुलाऐवजी त्याच कारखान्यातल्या मोल्डरची नात जाऊ लागली, हा या एकशे चाळीस वर्षांतला खरा मोठा बदल आहे, आणि त्याचा मला अभिमान वाटतो. पण मालकाच्या मुलाला दार बंद झालं तर परत यायला कारखाना होता. मोल्डरच्या नातीला परत यायला कर्जाचा हप्ता असतो.

म्हणून त्या विचारतात, “ताई, कुठलं विद्यापीठ चांगलं?” तेव्हा मी आधी दुसरंच विचारते. कर्ज किती, तारण काय? ओपीटी किती वर्षांचं मिळेल, म्हणजे सोडती किती? एकही लागली नाही आणि परत यावं लागलं, तर पुण्या-बंगळुरूच्या पगारात हप्ता निघेल का? निघत असेल तर बिनधास्त जा, खूप शिकायला मिळेल. निघत नसेल तर स्वस्त विद्यापीठ बघ, जर्मनी बघ, दोन वर्षं नोकरी करून मग जा. हे रडगाणं नाही. व्हिसाच्या कलमाची वर्षं मोजायला बी.ई. लागत नाही, कुणीतरी बसून मोजून दाखवावी लागतात.

माझ्या कर्जाच्या कागदांवर बाबांनी बँकेत सह्या केल्या तेव्हा आमच्या घरात हे मोजणारं कुणी नव्हतं. आयटीआय फिटर माणसाने आयुष्यभराच्या घराचे कागद मॅनेजरसमोर ठेवले आणि विचारलं, पोरगी कधी परत येईल? मॅनेजरला माहीत नव्हतं. आता निदान माझ्या गावात पुढच्या बापाने हा प्रश्न विचारला, तर त्याला वर्षं, आकडे आणि कलमं हाताशी धरून उत्तर देणारं कुणीतरी आहे.